पाणी खोल गेलं, हापसा जड झाला: पिस्टनचा व्यास ठरवण्याचा एक पूर्ण हिशेब

मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणाच्या पट्ट्यात दर उन्हाळ्यात दिसणारी ही परिस्थिती आहे. तीस घरांची वस्ती, दीडशे माणसं. १५० मिमी व्यासाची, ७० मीटर खोल विंधन विहीर आणि तिच्यावर इंडिया मार्क टू हातपंप. पावसाळा संपताना पाणी १२ ते १५ मीटरवर असतं, म्हणून सिलिंडर (पाण्यात बुडवलेली नळी, जिच्यात पिस्टन वरखाली सरकतो) ३३ मीटरवर सोडलेला होता, म्हणजे तीन-तीन मीटरचे ११ पाइप. मार्चअखेर हापसा कोरडा पडला. दुरुस्ती पथकाने आणखी ८ पाइप जोडून सिलिंडर ५७ मीटरवर नेला. पाणी लागलं. मे महिन्यात हापसत असताना पाण्याची पातळी जमिनीपासून ४८.५ मीटरवर स्थिरावते.

पण आता हँडल खाली जात नाही. म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं हापशाकडे फिरकत नाहीत, दोन-दोन बायका मिळून हँडलवर भार टाकतात. हँडलची ओढ पिस्टनपर्यंत नेणारा रॉड थ्रेडजवळ तुटला, जोडला, पुन्हा तुटला. पिस्टनवरचे पाणी अडवणारे वॉशर झिजले असतील असं समजून ते दोनदा बदलले, तरी जडपणा तसाच राहिला. तो तसाच राहणार होता, कारण दोष वॉशरमध्ये नाहीच. ६३.५ मिमीचा पिस्टन या खोलीला मोठा पडतो. किती मोठा, आणि मग किती ठेवायचा, हे कागदावर नेमकं काढता येतं. (इथले आकडे अशा विहिरींवर नेहमी भेटणारे घेतले आहेत. आपल्या विहिरीचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करावा. वजन आणि जोर दोन्ही किलोत धरले आहेत.)

या पंपाचं मूळ आपल्याच भागातलं आहे. ओतीव लोखंडाचे जुने घरगुती हापसे गावकीच्या वापराला टिकत नव्हते, तेव्हा जालना आणि सोलापूर इथे पोलादी हातपंप बनू लागले. हँडलच्या टोकाला चाप, त्यावर साखळी आणि साखळीला लटकलेला रॉड, ही सोलापूर पंपाची रचना १९७०च्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने झालेल्या मार्क टूमध्ये आली. सिलिंडरचं ६३.५ मिमी हे माप म्हणजे अडीच इंच. मध्यम खोलीसाठी ते उत्तम जमलेलं माप आहे. ते सगळ्याच खोल्यांना लागू पडतं, हा समज मात्र चुकीचा आहे.

एका फेरीत किती पाणी

पिस्टनचं क्षेत्रफळ = ०.७८५४ × व्यास × व्यास.
६.३५ सेमीसाठी: ०.७८५४ × ६.३५ × ६.३५ = ३१.६७ चौसेमी.
स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दाबातली चाल, १२.५ सेमी, म्हणून एका फेरीत ३१.६७ × १२.५ = ३९६ घनसेमी.
मिनिटाला ४० फेऱ्या धरल्या तर १५.८ लिटर.

आयएस ९३०१ या जुन्या भारतीय मानकात नव्या पंपाने ४० पूर्ण फेऱ्यांत किमान १५ लिटर पाणी द्यावं अशी अपेक्षा होती. म्हणजे वॉशर आणि व्हॉल्व्हमधून होणारी गळती पाच टक्क्यांच्या आसपास मान्य होती.

इथे होणाऱ्या दोन चुका सांगून ठेवतो. पहिली, व्यास म्हणून पिस्टनच्या धातूच्या भागाचं माप घेतलं जातं. तो भाग लाइनरपेक्षा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या अस्तरापेक्षा, मुद्दाम लहान ठेवलेला असतो. पाणी अडवतं ते वॉशरचं ओठ, आणि ते पितळी लाइनरला टेकलेलं असतं. म्हणून हिशेबात नेहमी लाइनरचा आतला व्यास धरायचा. तो वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मोजायचा, म्हणजे लाइनर लंबगोल झाला असेल तर कळतं. दुसरी चूक म्हणजे अडीच इंची सिलिंडर म्हणून पाइपच्या कोष्टकातला ६५ मिमी हा आकडा धरणं. दीड मिमीचा फरक क्षुल्लक वाटतो, पण व्यासाचा वर्ग होतो आणि उत्तर जवळपास पाच टक्के फुगतं. पंप मग विनाकारण ‘गळका’ ठरतो.

पिस्टनवर भार किती

बहुतेक जण भार काढताना सिलिंडरची खोली, म्हणजे इथे ५७ मीटर, धरतात. ते बरोबर नाही. पिस्टन वर जाताना खालचा व्हॉल्व्ह उघडा असतो आणि विहिरीतलं पाणी पिस्टनला खालून दाब देतं. सिलिंडर पाण्यात जितका बुडालेला, तितका दाब वजा होतो. उरतो तो फरक हापसतानाच्या पाणीपातळीपासून पाणी पडणाऱ्या तोटीपर्यंतच्या उंचीचा: ४८.५ अधिक तोटीची उंची ०.५, म्हणजे ४९ मीटर. ही पातळी पहाटे मोजायची नाही. रात्रभरात पाणी वर चढलेलं असतं. सकाळच्या गर्दीत, हापसा अर्धा तास सलग चालल्यावर मोजायची.

४९ मीटर म्हणजे दर चौसेमीला ४.९ किलो.
६३.५ मिमी पिस्टनवर पाण्याचा भार = ३१.६७ × ४.९ = १५५ किलो.

हा आकडा पाहून ‘पाइपात तेवढं पाणी मावतच नाही’ अशी हरकत घेतली जाते. ती खरी आहे. ३२ एनबीच्या (एनबी म्हणजे पाइपाचं नाममात्र माप, मिमीत) मध्यम जाडीच्या पाइपाचा आतला व्यास ३६ मिमी असतो. १२ मिमीचा रॉड वगळला तर ५७ मीटरमध्ये जेमतेम ५२ लिटर पाणी असतं. पण पिस्टनला पाइपातल्या पाण्याचं वजन लागत नाही, दाब लागतो, आणि दाब फक्त उंचीवर ठरतो. जास्तीचा जोर सिलिंडरच्या वरच्या टोपीवर वरच्या दिशेने पडतो. त्यामुळे पिस्टन वर जाताना पाइपावरचा ताण कमी होतो. पिस्टन खाली येऊ लागला की खालचा व्हॉल्व्ह बंद होतो आणि तोच १५५ किलोचा भार पाइपावर येतो. दर फेरीला पाइपाच्या सगळ्या जोडांवर इतक्या भाराची चढउतार होते. पाइपाचे थ्रेड का खातात, याचं उत्तर इथे आहे.

यात रॉडचं वजन मिळवायचं. १२ मिमी पोलादी रॉड मीटरला ०.८९ किलो, ५७ मीटरचे ५०.६ किलो. कपलिंग आणि पिस्टन धरून ५४ किलो. रॉड पूर्ण पाण्यात असतो, म्हणून ते ४७ किलो भरतं. वॉशरचं घर्षण अंदाजे १० किलो.

एकूण: १५५ + ४७ + १० = २१२ किलो.

मार्क टूच्या हँडलचं प्रमाण आठास एक आहे. २१२ ÷ ८ = २६.५ किलो. हँडल ३२ मिमी चौकोनी भरीव पट्टीचं आहे. ते स्वतःच्या वजनाने टोकाला सुमारे साडेतीन किलोची मदत करतं. उरले २३ किलो, संथ हापसलं तर. मिनिटाला ४० फेऱ्या मारताना प्रत्येक वेळी.

जो भार कुणी मोजत नाही

संथ हापसलं तर, असं म्हटलं, कारण हँडल दाबायला सुरुवात होते त्या क्षणी आणखी एक भार येतो. पाइपातलं थांबलेलं पाणी एका झटक्यात हलवावं लागतं. पिस्टन ३१.६७ चौसेमीचा आणि पाइपाची पाण्याला मोकळी जागा ९.०५ चौसेमीची, त्यामुळे पिस्टन जितक्या वेगाने सरकतो त्याच्या साडेतीन पट वेगाने पाइपातलं पाणी सरकावं लागतं.

मिनिटाला ४० फेऱ्या आणि हाताची चाल सफाईदार धरली, तर पिस्टनचं सुरुवातीचं त्वरण सेकंदवर्गाला १.१ मीटर येतं. पाइपात ते साडेतीन पट, म्हणजे ३.८. ते ५७ मीटर लांबीला लावलं (५७ ÷ ९.८१ × ३.८) की २२ मीटर पाण्याच्या उंचीइतका जादा दाब होतो. पिस्टनवर ७० किलो! रॉडच्या स्वतःच्या त्वरणाचे आणखी ६. एकूण २८८ किलो, आणि हँडलवर क्षणभर ३२ किलोच्या वर.

हाताची चाल गणितासारखी सफाईदार नसते. झटका देऊन हापसणाऱ्याला हा आकडा याहून जास्त लागतो. ३० फेऱ्यांच्या चालीत हाच जादा भार जवळपास निम्मा होतो, कारण त्वरण वेगाच्या वर्गाने बदलतं. म्हणून जड हापशावर अनुभवी बाई घाई करत नाही. हँडल आधी ताणून घेते, मग दाबते.

रॉड तुटण्याचं कारणही यात आहे. २८८ किलो म्हणजे १२ मिमी रॉडच्या मुळीच ताकदीबाहेरचा भार नव्हे, सरळ ओढला तर तो कितीतरी जास्त सहन करतो. पण थ्रेडच्या जागी भार पेलायला उरलेलं क्षेत्र सुमारे ८४ चौमिमी आहे, तिथे खाचेमुळे ताण साठतो, वर गंज. मिनिटाला ४० फेऱ्यांनी दिवसाला ६ तास हापसा चालला तर १४,४०० वेळा हा ताण चढतो आणि उतरतो. त्यामुळे रॉड मधोमध न तुटता कपलिंगच्या तोंडाशी तुटतो, आणि नवा रॉड टाकूनही काही महिन्यांत पुन्हा तिथेच तुटतो. भार कमी केल्याशिवाय यावर इलाज नाही.

हिशेब हातापासून सुरू करायचा

आतापर्यंत जुना पिस्टन तपासला. नवा व्यास ठरवताना दिशा उलटी लागते. किती पाणी हवं यापासून सुरुवात केली की माणूस हमखास मोठा पिस्टन निवडतो. हातपंपाचं इंजिन म्हणजे माणूस, आणि सलग काम करताना तो सुमारे ७५ वॅट देतो. हातपंपांच्या क्षमतेचे तक्तेही याच आकड्यावर बांधलेले असतात. त्यातले ७० टक्के पाण्यापर्यंत पोचले असं धरलं तर ५२.५ वॅट हातात राहतात.

पाणी (लिटर प्रतिसेकंद) = ५२.५ ÷ (९.८१ × ४९) = ०.१०९, म्हणजे मिनिटाला ६.५५, साधारण ६.५ लिटर.

हा आकडा नीट पाहावा, कारण यात पिस्टनचा व्यास कुठेच आलेला नाही. ४९ मीटरवरून एक माणूस सलग इतकंच पाणी काढू शकतो, पिस्टन कोणताही असो. व्यासाने ठरतं ते एवढंच, की हे ६.५ लिटर थोड्या जड फेऱ्यांत येणार की जास्त हलक्या फेऱ्यांत.

मग आरामात जमेल अशी चाल घेऊ, मिनिटाला ३० फेऱ्या.
एका फेरीत हवं असलेलं प्रत्यक्ष पाणी = ६,५५० ÷ ३० = २१८ घनसेमी.
गळती आणि रॉड-पाइपाचा ताण मिळून ७ टक्के तूट धरली: २१८ ÷ ०.९३ = २३५ घनसेमी.
स्ट्रोक १२.५ सेमी: क्षेत्रफळ = १८.८ चौसेमी.
व्यास = √(१८.८ ÷ ०.७८५४) = ४.८९ सेमी.

उत्तर ४९ मिमी आलं. बाजारात ५० मिमीचा सिलिंडर मिळतो, तोच घ्यायचा.

उलट बाजूने पडताळा घेतला तर ६३.५ मिमीची जागाही कळते. मिनिटाला ४० फेऱ्यांनी १५ लिटर, आणि ५२ वॅट, हे २१ मीटरच्या आसपास जुळतं. तिथपर्यंत तो पिस्टन माणसाच्या ताकदीशी उत्तम बसतो. त्यापुढे ३० मीटरपर्यंत फेऱ्या कमी करून भागतं. ४९ मीटरवर मात्र माणूस तो मिनिटाला १८ वेळाच दाबू शकतो, आणि तेही २३ किलो जोर लावून. प्रत्यक्षात दोन बायका मिळून हापसतात, त्याचं गणित हे असं आहे.

५० मिमी बसवल्यावर काय बदलतं

क्षेत्रफळ १९.६३ चौसेमी. पाण्याचा भार ९६ किलो, रॉडचे ४७, घर्षण अंदाजे ८. एकूण १५१. हँडलवर १५१ ÷ ८ = १८.९, वजा ३.६, म्हणजे १५ किलो. २३ वरून १५.

व्यास २१ टक्क्यांनी घटला आणि पाण्याचा भार ३८ टक्क्यांनी, पण हँडलवरचा जोर तेवढ्या प्रमाणात उतरला नाही असं वाटेल. कारण रॉडचे ४७ किलो जसेच्या तसे आहेत. व्यास अजून लहान केला तर पाण्याचा भार घटत जातो, रॉडचा घटत नाही, आणि प्रत्येक हंड्यामागे रॉड उचलण्याच्या फेऱ्या मात्र वाढतात. म्हणून या खोलीला ४० मिमीचा पिस्टन हा शहाणपणाचा पर्याय नाही.

रॉडच्या वजनावर इलाज वेगळा आहे: हँडलच्या टोकाला तोलवजन. खोल विहिरींच्या मार्क टूमध्ये हँडलला आडवी पट्टी आणि वजनं असतात ती यासाठीच. टोकाला ५ किलो लावले की दाबण्याचा जोर १५ वरून १० किलोवर येतो. बदल्यात हँडल वर उचलताना हाताला सुमारे साडेतीन किलो लागतात, कारण खाली येणारा रॉड साखळीमार्फत टोकाला ५ किलोच्या आसपासच उचल देतो आणि हँडल आणि वजन मिळून ८.६ किलो होतात. हा सौदा चांगला आहे. १० किलो लावले तर उचलणंच जड होईल. वजन मिळालं म्हणून लावत सुटायचं नाही.

साखळी फक्त ओढते, ढकलत नाही, हेही लक्षात ठेवावं. पिस्टन खाली जातो तो रॉडच्या वजनाने. ५७ मीटरला ती चिंता नाही. पण हाच हापसा १२-१५ मीटरवर बसवला तर रॉड पाण्यात दहा-बारा किलोच भरतो. नवे ताठ वॉशर असतील तर पिस्टन हळू उतरतो, साखळी सैल पडते, आणि पुढच्या दाबाला धाडकन ताणली जाते. साखळीच्या आणि बेअरिंगच्या तक्रारी उथळ विहिरींवर येतात त्या अशा.

पाइपाचाही निर्णय घ्यावा लागतो. ५० मिमीचा वर उघडा सिलिंडर ५० एनबी पाइपावर बसतो. त्या पाइपाचा आतला व्यास ५३ मिमी असल्यामुळे पाइप न काढता रॉड ओढून पिस्टन वर घेता येतो. वॉशर बदलायला ५७ मीटर पाइप उपसायची गरज राहत नाही. आणि सुरुवातीचा झटका? पाइपाची मोकळी जागा २१ चौसेमी, पिस्टनपेक्षाही थोडी मोठी, त्यामुळे पाण्याचं त्वरण पिस्टनइतकंच राहतं. जादा दाब ६ मीटर, जादा भार फक्त १२ किलो. ७० च्या जागी १२! जुन्याच ३२ एनबी पाइपांवर रिड्यूसर (दोन वेगळ्या मापांना जोडणारा तुकडा) लावून ५० मिमी सिलिंडर टांगला असता तर हाच आकडा २७ किलो आला असता आणि पिस्टनही वर निघाला नसता. पाइप वाचवण्याच्या मोहाने ही तडजोड करू नये.

मोठ्या पाइपाची किंमत मात्र मोजावी लागते. ५० एनबी पाइप मीटरला ५ किलो, ५७ मीटरचे २८५. आत पाणी १२० किलो. ४०० किलोच्या वर वजन वरच्या होल्डरला आणि पहिल्या पाइपाच्या थ्रेडला लटकतं, जुन्या पाइपांचं पाण्यासकट २३० किलोच्या आत होतं. हापशाच्या वरच्या टाकीतला, पाइप धरणारा ३२ चा होल्डर इथे चालत नाही, ५० चा होल्डर असलेली टाकी लागते. पाइप सोडताना तिवई आणि चेन ब्लॉकच वापरायचा. हाताने धरून, पाना अडकवून सोडायचं हे वजन नव्हे.

ताण आणि सुटलेला स्ट्रोक

१२५ मिमी स्ट्रोक हा साखळीचा. पिस्टनला तो पूर्ण मिळत नाही. दर फेरीला रॉड ताणला जातो आणि पाइप आखडतो. जुन्या जोडणीत १५५ किलोला रॉड ३.८ मिमी आणि पाइप १.१ मिमी, म्हणजे जवळपास ५ मिमी स्ट्रोक वाया जातो. नव्या जोडणीत २.४ आणि ०.४, एकूण २.८ मिमी. दोन्हीकडे पाच टक्के गळती धरली तर प्रत्यक्ष पाणी:

६३.५ मिमी: फेरीला ३६१ घनसेमी, ४० फेऱ्यांत १४.४ लिटर.
५० मिमी: फेरीला २२८ घनसेमी, ४० फेऱ्यांत ९.१ लिटर.

म्हणून ५७ मीटरवर उत्तम अवस्थेतला ६३.५ चा पंपही ४० फेऱ्यांत १५ लिटर भरेलच असं नाही. १४.४ आले म्हणून पंप उघडायला घेऊ नये.

याहून मोठा तोटा रॉडचा शेवटचा तुकडा चुकीच्या लांबीला कापल्याने होतो. रॉड पूर्ण खाली सोडून, पिस्टन तळाशी टेकवून, टाकीच्या वरच्या फ्लँजच्या पातळीवर खूण करायची, मग वर घेऊन कापायचा आणि थ्रेड पाडायचे. कापण्याआधी रॉड खरोखर तळाशी टेकला की एखादं कपलिंग कुठे अडकलं, हे दोनदा उचलून-सोडून पाहावं. रॉड लांब राहिला तर पिस्टन खाली आपटतो आणि साखळी सैल पडते. आखूड झाला तर पिस्टन वरच्या टोकाला पोचतो. बंद सिलिंडरात तो टोपीवर आदळतो, उघड्या सिलिंडरात वॉशर लाइनरच्या बाहेर पाइपात निसटतो, ओठ दुमडतं आणि नवा वॉशर एका दिवसात फाटतो. हँडल हळू चालवून दोन्ही टोकांना खडखड ऐकू येत नाही ना, ही खात्री झाल्याखेरीज झाकण लावू नये.

वॉशर नायट्राइल रबराचे घ्यावेत. १९८०च्या दशकात कोइमतूर भागात हातपंपांच्या मोठ्या चाचण्या झाल्या, तेव्हा कातड्यापेक्षा नायट्राइलचे वॉशर कितीतरी जास्त टिकतात हे स्पष्ट झालं. कातडी वॉशर घालायचेच असतील तर आधी भिजवून-तेलवून मऊ करून घालावेत. कोरडं कातडं लाइनरमध्ये दाबून बसवलं की फुगल्यावर पिस्टन आवळतो. मग हापसा जड झाला म्हणून पुन्हा व्यासाला दोष दिला जातो.

बसवल्यानंतरची मोजणी

पाणी सलग पडू लागेपर्यंत हापसायचं. मग एका मिनिटात ४० पूर्ण फेऱ्या, हँडल दोन्ही टोकांना टेकवून, आणि पाणी मापाच्या बादलीत. ५० मिमीला ९ लिटरच्या आसपास यायला हवं. ८ च्या खाली आलं तर वॉशर, पिस्टनचा व्हॉल्व्ह किंवा खालचा व्हॉल्व्ह तपासायचा. १५ लिटरचा जुना निकष या पंपाला लावून ‘नापास’ लिहायचं नाही.

गळतीची चाचणी हापसा अर्धा तास थांबवून करतात. नंतर पाचपेक्षा जास्त फेऱ्यांनी पाणी आलं तर खालचा व्हॉल्व्ह किंवा पाइपाचा जोड गळतो असं मानतात. हा निकषही पिस्टनप्रमाणे बदलतो. ६३.५ च्या पाच फेऱ्या म्हणजे जवळपास दोन लिटर, ३२ एनबी पाइपात सव्वादोन मीटर पाणी उतरल्याची खूण. ५० मिमीच्या पाच फेऱ्या म्हणजे सव्वा लिटरच्या आत, ५० एनबी पाइपात अर्ध्या मीटरहून थोडं जास्त. तेवढीच दोन लिटर गळती इथे आठ-नऊ फेऱ्यांना दिसते. म्हणून नव्या पंपावर सहा-सात फेऱ्या लागल्या तर पाइप उपसायला धावू नये.

वस्तीतली पहिली तक्रार ठरलेली असते: हा पंप पाणी कमी देतो. पंधरा लिटरचा हंडा आधी ४२ फेऱ्यांत भरत होता, आता ६६ लागतात. तक्रार खोटी नाही, म्हणून उत्तर आकड्यानेच द्यावं. घड्याळ लावून एकाच बाईला, शक्य असेल तर शेजारच्या जुन्या खोल हापशावर आणि इथे, दोन-दोन हंडे सलग भरायला सांगावेत. ४९ मीटरच्या उपशाला दोन्हीकडे हंड्याला सव्वादोन मिनिटांच्या आसपास लागतात, फरक दुसऱ्या हंड्यानंतरच्या धापेत दिसतो. तोलवजन ही गोष्ट पहिल्या दिवशीच लावलेली असावी, नंतर लावली की ती तक्रारीवरची मलमपट्टी वाटते.

पावसाळ्यात चित्र उलटं होतं. पाणी १२ मीटरवर आलं की माणसाच्या ताकदीत मिनिटाला पंचवीस लिटर बसू शकतात, आणि ५० मिमीचा पिस्टन ४० फेऱ्यांत नऊच देतो. तेव्हा तो खरोखरच अपुरा असतो. तरीही व्यास मे महिन्यासाठीच ठरवावा, कारण पावसाळ्यात आड-विहिरींना पाणी असतं आणि उन्हाळ्यात याच हापशावर सगळी वस्ती असते.

उन्हाळ्याचा हिशेब असा: दीडशे माणसं, पिण्या-स्वयंपाकाला माणशी २० लिटर, दिवसाला ३,००० लिटर. मिनिटाला ६.५ लिटरने पावणेआठ तास. सकाळ-संध्याकाळ मिळून हे बसतं, फार ऐसपैस नाही. ग्रामीण पाणीपुरवठ्याचा जुना निकष २५० माणसांना एक हातपंप आणि माणशी ४० लिटर असा होता, म्हणजे दिवसाला १०,००० लिटर. ४९ मीटरवरून तेवढं काढायला २५ तासांहून जास्त लागतील. कोणत्याही व्यासाचा पिस्टन घातला तरी. पातळी इतकी उतरली असेल आणि वस्ती अडीचशेची असेल, तर मागणी दुसऱ्या विंधन विहिरीची किंवा विद्युतपंपाची करायची. तो अर्ज लिहिताना हाच हिशेब सोबत जोडावा: हापसतानाची पातळी, ती मोजल्याची तारीख आणि वेळ, आणि मिनिटाला मिळणारं पाणी.